शिरटेकचा पूल

"सांगणार आहात की नाही तिला, बुवा?"

हिंदुरावाने तिसऱ्यांदा विचारलं.

गोपाळबुवा मठाच्या ओसरीवर पळसाच्या पानांची पत्रावळ टाचत बसले होते. हातातली काडी मोडली. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

"कुणाला?"

"गोजराकाकीला! मघापासून दुसरं काय सांगतोय मी? उद्या अकरा वाजता मंत्री येणार, सुजितच्या नावानं पूल जाहीर करणार. घरच्यांची संमती लागते. त्याची बायको म्हणते, आत्या म्हणतील तसं. आणि तिची सासू म्हणते, नको."

"मग नको."

"तीस वर्षं गाव पूल मागतंय, बुवा!"

बुवांनी पान उलटं करून पाहिलं. त्याला कीड होती. ते त्यांनी टाकून दिलं.

शिरटेक हे सैनिकांचं गाव. डोंगराच्या कुशीत दीडशे घरं, आणि फौजेत कुणी नाही असं घर शोधावं लागेल. दारावर नावाच्या पाटीखाली पलटणीचं नाव. जमीन सगळी मुरमाड, नांगर टेकला की ठिणगी उडावी अशी. पोरगा अठराचा झाला की गाव सोडायचा आणि चाळिशीत मिशा पिकवून परत यायचा. काही परत यायचे नाहीत. गावाच्या खाली नदी, पावसाळ्यात चार महिने गावाला कुलूप घालणारी. दुधाचा टेम्पो बंद, कॅन्टीनची गाडी बंद, मास्तर बंद.

हिंदुराव साबळे फौजेत गेला नव्हता. तळपाय सपाट म्हणून तीन वेळा भरतीतून परत पाठवला गेला. चौथ्या वेळी बुवांनी त्याला मठात बसवलं आणि शिकवलं. आज तो जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयात अधिकारी होता. सैनिकी गावांच्या आर्थिक विकासावर त्याने मोठा अहवाल लिहिला होता. त्याला राज्याचा पुरस्कार मिळाला होता. अहवालाची एक प्रत त्याने बुवांनाही दिली होती. बुवांनी ती कोनाड्यात ठेवली होती आणि वर शेंदराची वाटी.

गोजराबाईचा मुलगा सुजित निकम जाऊन सतरा दिवस झाले होते. सीमेवरच्या बर्फात.

"तुमचा शब्द ती मोडणार नाही," हिंदुराव म्हणाला. "मी काय माझ्यासाठी मागतोय का? गावाचा विकास..."

"रस्ता कधी झाला रे आपला?"

हिंदुराव थबकला. "तेवीस वर्षं झाली."

"कसा झाला?"

"दत्ताजी पवार गेला ना, कारगिलनंतर... शवपेटीची गाडी वर चढेना, म्हणून दोन दिवसांत खडी टाकली. पुढं डांबर झालं."

"टाकी?"

"टाकी... महादू इंगळेच्या नावची."

"शाळेच्या दोन खोल्या?"

 त्या खोल्यांवर हिंदुरावाच्या वर्गमित्राचं नाव होतं. भरतीला दोघं एकाच गाडीने गेले होते.

बुवांनी पत्रावळ मांडीवर ठेवली.

"तुझ्या त्या पुस्तकात गावाचं अजून काय काय व्हायचं राहिलंय?"

हा विषय त्याचा होता. त्याचा चेहरा खुलला. "पूल तर पहिला. मग दवाखाना. दूध थंड ठेवायचं केंद्र. बायांसाठी शिवणकामाची शेड. आणि..."

तो बोटांवर मोजत होता. चौथं बोट दुमडताना त्याच्या लक्षात आलं, बुवा त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हते. ते त्या बोटांकडे पाहत होते.

त्याने हात खिशात घातला.

 मे महिन्याचं ऊन होतं. समोरच्या लिंबाची सावली खोडापाशी गोळा होऊन बसली होती.

"चल," बुवा उठले.

हिंदुरावाला वाटलं, जिंकलो.

गोजराबाई दारातच बसली होती. सुपात बाजरी होती, पण पाखडणं थांबलेलं होतं. आत खांबाला टेकून सुजितची बायको पूनम उभी. सातवा महिना लागलेला. कपाळ मोकळं, आणि डोळे कुठेतरी भलतीकडेच.

बुवांना बघून गोजराबाईने पदर सावरला. "बुवा, तुमी कशाला आला उन्हाचं?"

बुवा पायरीवर बसले. 

हिंदुराव वाट पाहत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, बुवा बोलणारच नाहीत. जे काय बोलायचं ते त्यालाच बोलायचं होतं.

"काकी, सुजितचं नाव कायमचं राहील," तो म्हणाला. "पुलावरनं जाणारा येणारा नाव घेईल त्याचं."

"शालन गेली तवा म्या तुज्याकडं आले हुते," गोजराबाई म्हणाली.



शालन तिची थोरली लेक. नऊ वर्षांपूर्वी बाळंतपणाला माहेरी आली होती. ऐन श्रावणात अडली. चौघांनी बाजेवर घालून नदीपर्यंत आणली. पाणी दोन्ही काठ धरून वाहत होतं. सकाळपासून दुपारपर्यंत बाज काठावर होती... मग ती परत घरी आणली.

"काय म्हनाला हुतास मला?"

"प्रस्ताव पाठवतो म्हणालो होतो. आणि पाठवला काकी, शपथ घेऊन सांगतो. स्वतः लिहून पाठवला."

"मंग?"

"नियमात नाही बसला. एवढ्या कमी वस्तीला पूल देता येत नाही म्हणून परत आला."

"आता वस्ती वाढली?"

हिंदुरावाने मान खाली घातली. वस्ती कमी झाली होती. त्याच्या अहवालातच होतं ते. आणि त्याच पानावर, खालच्या बाजूला, एक ओळ होती: दळणवळणाच्या सोयीअभावी एक महिला दगावली. ही ओळ वाचून त्याच्या वरिष्ठांनी त्याची पाठ थोपटली होती. एका ओळीत सगळं आलं, म्हणाले होते.

गोजराबाईने सूप बाजूला ठेवलं.

"तिच्या नावानं बांदा. शालनच्या. म्या अंगठा देते. दोन्ही हातांचं देते."

"काकी..."

"पाण्याच्या काठाला ती मेली. पोरगा तर लांब तिकडं बर्फात. पुलाशी नातं कुनाचं?"

हिंदुरावाने बुवांकडे पाहिलं. बुवा मुंग्यांची रांग पाहत होते.

"विचारतो," तो म्हणाला.

गावात फोन लागायचा तो फक्त देवळाच्या मागच्या खडकावर. तो तिथे गेला. खडक तापलेला होता, चपलेतून चटका लागत होता. कार्यालयातल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. भावना समजतात, म्हणाले. पण हा निधी हुतात्म्यांच्या नावाने येतो. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या नावाने काही येत नाही. "तुम्ही तर अहवाल लिहिलाय, साबळे. तुम्हाला हे मी सांगायचं?" आणि मंडपाचं सामान निघालंय, तेवढं लवकर आटपा.

तो परत आला तेव्हा तिघंही होती तशीच होती.

"नाही म्हणतात," तो म्हणाला.

कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

हिंदुराव उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. आता तो अधिकाऱ्यासारखा बोलत नव्हता. "काकी, माझं ऐक. पूनमचे दिवस आषाढात भरतात. तोवर नदी येईल. पक्का पूल व्हायला दोन वर्षं लागतील, ते खरं. पण उद्या जाहीर झालं की लगेच फौजेचे इंजिनिअर येणार आहेत. मी बोललोय त्यांच्याशी. ते लोखंडी पूल टाकून देतात. तयारच असतो त्यांचा, नुसता जोडायचा. पाऊस लागायच्या आत गाडी पलीकडं जाईल."

"किती दिस लागत्यात त्याला?"

"पंधरा."

गोजराबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"पंधरा दिसांत हुतो?"

"हो."

"पंधरा दिसांचं काम हुतं व्हय हे?"

 हिंदुरावाच्या अहवालाच्या तीनशे पानांत ह्याचं उत्तर कुठेही नव्हतं.

आत पूनमने खांब सोडला आणि हळूच खाली बसली. "आत्या," एवढंच म्हणाली.  सतरा दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली होती.

गोजराबाईने सुनेकडे पाहिलं. तिच्या तोंडाकडे नाही, पोटाकडे.

मग तिने हात पुढे केला.

"आन कागूद."

हिंदुरावाने पिशवीतून कागद काढला. शाईचं पॅड काढलं. पॅडचं झाकण निघेना. तिनेच ते त्याच्या हातातून घेतलं, उघडलं, अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. बोट दाखवायला लागलं नाही. कुठे टेकवायचा ते तिला माहीत होतं. गेल्या सतरा दिवसांत तिने पुष्कळ कागदांवर अंगठे दिले होते.

बुवा तेव्हा पायरीवरून उठले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी गोजराबाईचा हात हातात घेतला आणि अंगठ्याची शाई पुसायला लागले. शाई निघेना. ते पुसत राहिले. उपरणं निळं झालं, अंगठा निळाच. तिने हात ओढून घेतला नाही. म्हातारं माणूस लहान लेकराचा हात पुसावा तसं पुसत होतं, आणि ती कोरड्या डोळ्यांनी पाहत होती.

"ऱ्हाऊ द्या बुवा," शेवटी ती म्हणाली. "बाजरी पाखडताना जाईल."

परतताना दोघं मठाच्या वाटेने गेले नाहीत. बुवा नदीकडे वळले, हिंदुराव मागून. कागद त्याने शर्टाच्या आत ठेवला होता. घामाने तो छातीला चिकटला होता.

नदी कोरडी ठाक होती. नुसते गोटे. ही नदी माणसं मारते असं कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पलीकडच्या काठावर उद्याच्या कोनशिलेसाठी चौथरा बांधून तयार होता. ओल्या सिमेंटवर गोणपाट टाकलेलं.

"बुवा, काहीतरी बोला."

बुवा गोट्यांवरून पुढे चालत राहिले.

"मी वाईट केलं का?"

"नाही."

"मग चांगलं केलं?"

बुवा एका गोट्यावर बसले. त्यांना धाप लागली होती.

हिंदुरावाने शर्टात हात घालून कागद बाहेर काढला. क्षणभर त्याला वाटलं, फाडावा, तुकडे या गोट्यांवर टाकावेत आणि चालतं व्हावं. दोन्ही हातांनी कागद धरलाही. मग त्याला पूनमचं खाली बसणं आठवलं. हळूच, एक हात पोटाखाली धरून...

त्याने कागदाची घडी घातली.

"माझ्या बरोबरीची अकरा पोरं होती गावात," तो म्हणाला. "पाय सपाट निघाले म्हणून मी तेवढा राहिलो. वाटलं होतं, राहिलोय तर गावासाठी काहीतरी करीन. इथंच कामधंदा उभा करीन. पोटासाठी कुणाला जावं लागणार नाही असं करीन. हेच मनात धरून शिकलो मी, बुवा. तुमच्यापाशीच शिकलो."

बुवा ऐकत होते.

"आणि होईल तसं! पूल तर होऊ द्या. बारमाही वाट झाली की दूध बाहेर जाईल, चार दुकानं येतील, पोरी कॉलेजला जातील. मग कुठल्या पोराला फौजेतच गेलं पाहिजे असं राहणार नाही. होईल ना, बुवा? बदलेल ना गाव?"

त्याचा आवाज फाटला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण शाळेतल्या पोराने पाटी पुढे धरून उभं राहावं तसा उभा होता.

बुवांनी पलीकडच्या चौथऱ्याकडे पाहिलं. मग अलीकडच्या काठाकडे. मधल्या गोट्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली, मापं घेतल्यासारखी.

"पूल भक्कम टाकायला सांग त्यांना," ते म्हणाले. "दिवाळीनंतर भरती आहे. गावची सगळी पोरं एकदम पळत जातील त्याच्यावरनं."