पिराजीनं सायकलवर सामान बांधलं

एका गावात एक भोळा दूधवाला राहत होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते आमचंच आहे. दूधवाल्याचं नाव पिराजी. त्याच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. त्यामुळं त्याच्या घरातलं सगळं मला कळतं. मी काही कान लावत नाही, भिंतच पातळ आहे.

पिराजी तिशीचा. रोज पहाटे सायकलला दोन मोठे कॅन अडकवायचा आणि डेअरीला दूध घालून यायचा. पाय घोड्यासारखे. सांगितलेलं काम करायचा म्हणजे करायचाच. सांगितलं त्याहून कमी नाही आणि जास्त नाही. सगळी अडचण तिथंच होती.

त्यानं जन्मात समुद्र बघितला नव्हता. त्याच्या आईनं, हौसाक्कानंही नाही.

"मावशी, समुद्र केवढा असतो गं? आपल्या तळ्याएवढा?" तो मला विचारायचा.

"त्याहून मोठा असंल की," मी म्हणायची. मी तरी कुठं बघितलाय?

आमच्या गावात मगदूम सर आहेत. शाळेत कवायत शिकवायचे, आता निवृत्त झालेत. दरवर्षी दोघा मित्रांना घेऊन ते सायकलनं लांब कुठंतरी जातात. यंदा ठरलं गोकर्ण. जायचे तीनशे किलोमीटर, यायचे तीनशे. मागून गाडी नाही, मदतीला माणूस नाही. अंथरूण, चूल, भांडी, पंक्चरचं सामान, सगळं आपापल्या सायकलवर.

गोकर्णाला समुद्र आहे हे कळल्यावर पिराजीनं सरांचे पायच धरले.

सर म्हणाले, "नेतो. पण दर रविवारी शाळेच्या पटांगणात तुझं सामान तपासणार. जमलं तर येशील, नाहीतर तुझे कॅन आहेतच."

"काय काय घेऊ, सर?"

"ज्याच्यावाचून तुझं चालत नाही, तेवढंच घे."

पिराजी घरी आला. दोन दिवस विचार करत बसला. ज्याच्यावाचून चालत नाही असं आपल्याकडं काय आहे? रविवारी तो पटांगणात गेला तेव्हा सायकलच्या कॅरिअरवर हौसाक्का बसली होती. नवं लुगडं, मांडीवर पानाची चंची.

"सामान कुठाय?" सरांनी विचारलं.

"ही काय. हिच्यावाचून माझं चालत न्हाई."

"अरे, आपलं ओझं आपण वाहायचं म्हणजे आईला वाहायचं?"

"मी ओझं हाय व्हय मास्तर?" हौसाक्का कॅरिअरवरूनच कडाडली. तिला खाली उतरवायला मलाच जावं लागलं. ती तर गोकर्णालाच निघाली होती.

सरांनी पिराजीला बाजूला घेतलं. "माणसं नाही, वस्तू आणायच्या. आणि हलक्या. चढावर एकेक तोळा जड होतो. हा माझा दात घासायचा ब्रश बघ. दांडा अर्धा कापून टाकलाय. असं डोकं चालव."

पिराजीला पटलं. त्या आठवड्यात भिंतीपलीकडून करवतीचा आवाज सारखा यायचा. मी विचारलं, "काय रे, पलंग करतोयस का?"

"न्हाई मावशी, सामान भरतोय."

रविवारी त्यानं पिशवी उघडली. आत अर्धी चादर होती. अर्धा टॉवेल. अर्धा कंगवा. हवा भरायचा पंप मधोमध कापलेला. चाकाची जादा ट्यूब, तीही मधोमध. पातेल्याचा उभा अर्धा भाग. आणि एक चप्पल.

सरांनी पातेलं हातात घेतलं, फिरवून बघितलं. "ह्यात भात कसा शिजवणार?"

"अर्धाच शिजवायचा, सर."

सरांचे दोघे मित्र हसून हसून पटांगणात बसले. हौसाक्का मात्र पातेल्याचा दुसरा अर्धा भाग घेऊन आली होती. हे भांडं तिच्या माहेरचं होतं. ती काय बोलली ते मी लिहीत नाही.

"कापाकापी बंद!" सर म्हणाले. "सगळं अख्खं घे. एकेक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि घट्ट गाठ मार. वाटेत घाट आहे, कधीही पाऊस पडंल. थेंबभर पाणी आत जाता कामा नये."

पिराजी तालुक्याला जाऊन पिशव्यांचा गठ्ठाच घेऊन आला. तिसऱ्या रविवारी सामान बघून सर खूश झाले. चादर पिशवीत, कपडे पिशवीत, पंप, नट आवळायचे पाने, नवी ट्यूब, सगळं पिशवीत. गाठी अशा की दातानंसुद्धा सुटू नयेत. वजन बेताचं. दोन्ही बाजूंना सारखं.

"शाब्बास रे गड्या! आता जरा पाणी दे प्यायला."

पिराजीनं पाण्याची बाटली काढली. सात पिशव्यांत सात गाठी. सरांनी एकेक सोडवली. बाटली उघडून तोंडाला लावली, उलटी केली, हलवली.

"पाणी कुठाय?"

"एक थेंब गेला न्हाई, सर!" पिराजी छाती काढून म्हणाला. "आधी उन्हात वाळवली, मग बांधली."

सरांनी डोळे मिटले. मग हळूहळू बोलले, शाळेतल्या पहिलीच्या वर्गाशी बोलावं तसे. "बाटली भरून ठेवायची, बाळा. सायकलवाल्यानं तहान लागायच्या आधी प्यावं आणि भूक लागायच्या आधी खावं. भूक लागल्यावर अंगातलं बळ गेलेलं असतं. कळलं? आता घरी जा, खायचं बांधून घे, आणि उद्या भरलेल्या सायकलवर सराव करून ये."

हौसाक्कानं पातेल्याचा राग गिळला आणि रात्रंदिवस खपून शेंगदाण्याचे चाळीस लाडू वळले. डबाभर चिवडा केला. दशम्या केल्या. थोडे लाडू मीही वळले, खोटं कशाला बोलू? सगळं आठ दिवसांच्या हिशेबानं होतं.

सोमवारी सकाळी पिराजी सरावाला निघाला. दुपारी बघते तर गावाबाहेरच्या ओढ्याकाठी आडवा पडलेला. पोट ढोलासारखं. शेजारी रिकामे डबे.

मी सरांना बोलावून आणलं. कुणीतरी बोलवायलाच हवं होतं.

"सगळं खाल्लंस?" सर ओरडले.

"भूक लागायच्या आधी खा म्हणालात," पिराजी कण्हत म्हणाला. "मी वाट बघत हुतो भूक कधी लागतीय. ती लागंचना. मग खातच राहिलो."

आता मात्र सर खरंच चिडले. "दोन किलोमीटर आलास आणि ह्याला सराव म्हणतोस? सराव ओढ्यापाशी संपत नसतो! खऱ्यासारखा पुरा करायचा असतो. आणि एक कायमचं लक्षात ठेव. जे खऱ्या प्रवासासाठी ठेवलंय, ते सरावात संपवायचं नाही. हातसुद्धा लावायचा नाही. आता पुढच्या खेपेला घोळ घातलास तर तुला गावात ठेवून जाणार. समुद्र मग चित्रातच बघ."

पिराजी रडकुंडीला आला. समुद्र चित्रात बघायचा म्हणजे काय! घरी जाऊन तो रात्रभर घोकत बसला. सराव पुरा करायचा. खऱ्यासाठी ठेवलेलं संपवायचं नाही. सराव पुरा करायचा. खऱ्यासाठी ठेवलेलं संपवायचं नाही. भिंतीपलीकडं मलाही पाठ झालं.

हौसाक्कानं पुन्हा लाडू वळले. निघायचं ठरलं होतं पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी. त्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी पहाटे, पिराजीनं सामान लादलं आणि सरावाला गेला.

दुपारी आला नाही. संध्याकाळी निपाणीहून त्याच्या मामाचा फोन आला, पिराजी जेवून झोपलाय म्हणून. हौसाक्का निर्धास्त झाली. "मामाकडं राहून करंल चार दिवस सराव," ती म्हणाली. पिराजीचा स्वतःचा फोन काही लागत नव्हता.

रविवार उजाडला. पटांगणात सगळा गाव जमला. सर तयार, त्यांचे दोघे मित्र तयार. मी नारळ घेऊन उभी. पिराजीचा पत्ता नाही. सरांनी तीनदा घड्याळ बघितलं. हौसाक्का म्हणाली, "मास्तर, जरा थांबा की ओ. पोरगं जिवाला लावून बसलंय."

"नऊपर्यंत थांबतो," सर म्हणाले. "मग नाही."

नऊला पाच मिनिटं कमी असताना पिराजी आला. काळा ठिक्कर पडलेला. दाढी वाढलेली. सायकल लाल मातीनं माखलेली. पण सामान जसंच्या तसं! एक गाठ सुटलेली नाही. लाडू मोजले, चाळीसच्या चाळीस.

"कुठं होतास आठ दिवस?" सरांनी विचारलं.

"सरावाला."

"कुठवर गेला होतास?"

"गोकर्णापर्यंत. तुम्हीच म्हणालात, पुरा करायचा."

सरांनी त्याच्या चाकांकडं बघितलं. टायर गुळगुळीत झाले होते.

"आणि खाल्लंस काय?"

"वाटंत मठ हुते, देवळं हुती. लोकं वाढायची."

"झोपलास कशावर?"

"भुईवर. घाटात लई थंडी वाजली. पण चादर खऱ्यासाठी हाय न्हवं? फोनची बॅटरीबी खऱ्यासाठीच."

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सहाशे किलोमीटर, एकट्यानं, भरलेल्या सायकलवर! लेका, तुला नाही न्यायचं तर कुणाला न्यायचं? टायर बदल, आपण तासाभरानं निघू."

मी नारळ फोडला. हौसाक्काच्या डोळ्यांना धार लागली. तिनं लेकाचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं. "माझ्या पोरानं समुद्र बघितला गं! सांग की रे, कसा असतोय?"

सगळा गाव पुढं सरकला. मीही.

"मला काय ठावं?" पिराजी म्हणाला.

"म्हंजे? गोकर्णाला गेलतास न्हवं?"

"गेलतो की. पण समुद्र खऱ्या प्रवासासाठी ठेवलाय न्हवं का? आवाज यायला लागला तशी सायकल उलटी फिरवली. मागं मागं चालत वाळूत गेलो. टाचंला पाणी लागलं, म्हटलं झाला सराव पुरा. तसाच निघालो. एक म्हातारा सारखा मागं लागला, 'बाबा, एकदा वळून बघ, सूर्य बुडतोय.'"

"मग?"

"मग काय? मी काय खुळा हाय?"