पावलं लहान होत जातात, म्हणून…

“तुझी पद्धत पोचते म्हणजे नक्की कुठं पोचते?” मुकादम सरांनी पुन्हा विचारलं.

“तळाशी, सर,” अभिराम मोठ्यानं म्हणाला. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं, असा त्याचा समज झालेला दिसला.

सरांना ऐकू उत्तम येतं. मी गावातल्या शाळेत गणित शिकवते आणि रविवारी दुपारी सरांच्या ओटीवर हटकून असते. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलंही त्यांना बरोबर ऐकू जातं.

सरांनी उभं आयुष्य विद्यापीठात गणित शिकवलं आणि आता गावी येऊन माड-पोफळी सांभाळत होते. अभिराम लघाटे हा त्यांच्या शिष्येचा शिष्य. गणितातल्या कल्पनेच्या जमिनीवर सगळ्यात खालची जागा शोधायची पद्धत, हा त्याच्या प्रबंधाचा विषय; प्रबंध उद्या दाखल व्हायचा होता. तो झाला की बंगळूरच्या एका संस्थेतली जागा पक्की, नाही झाला तर ती दुसऱ्याला. त्याच्या मार्गदर्शक बाईंनी एवढंच म्हटलं होतं, “मुकादम सरांनी हूं म्हटलं की मी सही करते.”

म्हणून स्वारी पेढे घेऊनच आली होती. निकालाच्या आधी पेढे! कमाल आहे बाई या पोरांची.

“जमीन कशी आहे तुझी?” सरांनी विचारलं.

“एकदम वाईट, सर.” हे सांगताना मात्र त्याला आनंद होत होता. “खड्डेच खड्डे. एक तळ असता तर प्रश्नच नव्हता, इथं ढीगभर आहेत. शिवाय मधे मधे घड्या. घडीवर उभं राहिलं की उतार नेमका कुठल्या बाजूला, तेच सांगता येत नाही. आणि सगळीकडे धुकं. पायाखालचं दिसतं, तेवढंच.”

“आणि त्यातून तू खाली उतरतोस.”

“माझी पद्धत उतरते. आहोत तिथून फार लांब जायचं नाही, पण थोडं खाली जायचं. मग पुन्हा तेच. प्रत्येक पावलाला उंची कमी होते, हे मी सिद्ध केलंय. पावलं लहान लहान होत शून्याकडे जातात, तेही सिद्ध केलंय.”

“मग?”

“मग काय, सर… पावलं लहान होत जातात, म्हणून ती एका जागी पोचते. उघडच आहे.”

झालं! आता मेला हा, मी मनात म्हटलं.

सरांच्या घरची एक रीत आहे. ‘उघडच आहे’ असं जो म्हणेल, त्यानं ते चालून दाखवायचं. तिथं कागद चालत नाही, खडू चालत नाही. भल्याभल्यांना त्यांनी त्या अंगणात चालवलंय.

“बूट काढ,” सर म्हणाले.

“…काय?”

“बूट काढ. मोजेही काढ. आळ्यात ओल आहे.”

ओटीसमोर एक माड आहे. माडाला घातलेलं पाणी मुरावं म्हणून बुंध्याभोवती गोल चर खणतात, त्याला आळं म्हणायचं. सरांच्या माडाचं आळं चांगलं ऐसपैस आहे. बाहेरच्या कडेनं उतार, मधे बुंध्याशी मातीचा उंचवटा, आणि या दोन्हींच्या मधून बुंध्याला वेढा घालणारा तळ.

“कडेवर उभा राहा. नियम तुझेच. प्रत्येक पाऊल आधीच्याहून किंचित खाली. प्रत्येक पाऊल आधीच्याहून लहान. चल.”

अभिरामनं माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

“सरळ तळात उतरू?”

“सरळच उतरायचं, असं तुझ्या सिद्धतेत लिहिलंय?”

“नाही… तसं नाही लिहिलेलं.”

“मग तिरका चल.”

तो चालायला लागला. माडाला वळसा घालत, तिरका तिरका, ऐटीत. एक फेरी झाली. पावलं आखूड झाली. दुसऱ्या फेरीला टाचेला अंगठा लागायला लागला.

“पोचलास?”

“पोचेन आता.”

“सावकाश होऊ दे.”

सरांनी अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरायला बसले. ऊन माडाच्या झावळ्यांतून खाली येत होतं. अभिराम चालत होता. पाऊल इंचभर पुढं, केसभर खाली. माणूस हलतोय की नाही, हे बघायला मला मान पुढं काढावी लागत होती.

मग तो मधेच थांबला.

“सर…”

“हं.”

“पावलं अशी धरली… एक हात, मग अर्धा हात, मग हाताचा तिसरा हिस्सा, मग चौथा…”

“हं.”

“तर त्यांची बेरीज…”

ती बेरीज कुठल्याही आकड्याच्या पलीकडे वाढतच राहते, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही येतं. पावलं दिसेनाशी होतील इतकी लहान होतील, माणूस उतरतही राहील, आणि तरी जन्मभर माडाभोवती फिरेल. पोचायचा नाही.

“थांबलास का? चाल ना,” सर म्हणाले. कुचेष्टेनं नाही हो, अगदी मायेनं.

अभिरामचा चेहरा लाल झाला. “पण कॉम्प्युटरवर ती थांबते, सर! हजारो वेळा चालवून बघितलीय. दर वेळी थांबते!”

“ती थांबते, का तू थांबवतोस?”

“म्हणजे… पाऊल अमुक इतकं लहान झालं की थांब, असं…”

“असं कुणी लिहिलंय?”

“…मीच.”

मला वाईट वाटलं. पोरगं हुशार होतं. वर्षानुवर्षं घासून काम केलं होतं आणि सगळा डोलारा त्या एका ‘म्हणून’वर उभा होता.

मग तो अगदी हळू म्हणाला, “हे कुणाच्या लक्षात येणार नाही, सर. मॅडमच्याही आलं नाही.”

“माझ्याही आलं नसतं कदाचित.”

“एकच दिवस राहिलाय, सर. नंतर दुरुस्त करीन. तुम्ही फक्त हूं म्हणा.”

“हूं,” सर म्हणाले.

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. अगं बाई, हे काय!

“…म्हणजे?”

“हूं म्हटलं. तुला तेवढंच हवं होतं ना? जा आता. साडेचारची एसटी मिळेल.”

अभिराम जागचा हलला नाही.

“अरे, जा.”

तो तसाच उभा. सर सुपारी कातरत राहिले. कातरताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मला मात्र राहवेना. जा रे बाबा, नाहीतर बोल तरी काहीतरी, असं ओरडावंसं वाटत होतं.

शेवटी त्यानं खिशातून फोन काढला.

“मॅडम, मी अभिराम. हो, सरांकडेच आहे. हूं म्हणाले ते… हो… पण चूक आहे, मॅडम. माझीच. मुख्य प्रमेयात आहे. उद्या देत नाही मी.” तो ऐकत राहिला. “बंगळूरचं… हो. कळतंय मला. ठेवतो.”

फोन ठेवला आणि बाहीनं डोळे पुसले. लाजला नाही, लपवलंही नाही.

“जमिनीवर एक अट घातली तर निघेल यातून,” तो माडाकडे बघत म्हणाला. “उंची जेवढी उरलीय त्या मानानं उतारही उरला पाहिजे. जमीन तेवढी फसवी नको. मग सगळ्या पावलांची मिळून चाल आटोक्यात राहते, आणि मग ती खरंच पोचते.”

“तळाशी?”

“…नाही. कुठल्यातरी एका जागी. जिथून पुढं उतार मिळत नाही अशा.”

“हे छान झालं.”

“छान कसलं, सर!” तो एकदम फुटलाच. “केवढं प्रमेय होतं माझं! एवढंसं उरलं. आता वर्ष जाणार निस्तरायला. जागा गेली. घरी आईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय, तिला काय तोंड दाखवू? तळ गाठला मी, सर. याच्या खाली आता काही नाही.”

सरांनी अडकित्ता बाजूला ठेवला. उठून पायरीपर्यंत आले आणि त्याला नीट पाहिलं. इस्त्रीची पँट गुडघ्याशी दुमडलेली, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

“ते आळ्यात उभं राहून कसं कळणार, बाबा? वर ये.”