सुरकुतलेला वाल

कडधान्यं आपसांत बोलत असत त्या काळी द्वारकाकाकूंनी पेरणीसाठी वाल निवडले, राख चोळली आणि मडक्यात भरले. एक सुरकुतलेला वाल तेवढा निसटून पाण्याच्या माठाखाली जाऊन पडला. आपण कधी वेल होणार की नाही, या काळजीने त्याचा जीव अर्धा झाला.

"आम्हाला काकूंनी निवडलंय," मडक्यातला टपोरा वाल म्हणाला. "तू निवडीतच नाहीस, मग रडतोस कशाला?"

"आणि अंगाला राख तरी आहे का तुझ्या?" शेजारचा किडका वाल हसला. "राख असली की आतली कीड कोण बघतंय!"

सुरकुतलेला वाल मुकाट बसून राहिला. माठ झिरपत होता. त्या शांततेत त्याला स्वतःच्या पोटात काहीतरी कोवळं जाणवलं, उजेडासारखं. सुरकुत्या भरून आल्या, साल तडकली आणि पांढरा मोड बाहेर डोकावला.

मग किडका वाल हळूच म्हणाला, "माझ्यातही असेल का रे ते?"

"असणारच, मित्रा," मोड आलेला वाल म्हणाला. "तो उजेड आधी तुझी आतली कीडच दाखवेल, पण घाबरू नकोस. गप्प बस आणि वाट बघ."

पेरणीच्या दिवशी काकूंना माठाखालचा मोड दिसला. त्यांनी तो अलगद उचलला आणि बाकीच्यांच्याच सरीत लावला. शेजारी किडका वाल आला. मातीत दोघंही गप्प होते.

मग एका सकाळी शेजारची मातीही हलली.