शिगेची पायली

पूर्वी शालिपूर नगरात राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील वृद्धकोठाराचा अधिकारी होता. हे कोठार राजाच्या पणजोबांनी बांधले होते. तटावर पहारा करणाऱ्या प्रत्येकाने दर पौर्णिमेला पायलीभर साळ कोठारात घालायची, आणि ज्याची पहाऱ्याची तीस वर्षे भरली त्याने मरेपर्यंत दरमहा दोन पायल्या घरी न्यायच्या. त्याच्यामागे त्याच्या बायकोने, असा नेम होता. पहारेकऱ्याकडून घेताना मापावर फळी फिरवून ते सपाट करीत. म्हाताऱ्याला देताना मात्र मापाच्या तोंडावर उभी राहील तेवढी रास चढवीत. तिला शीग म्हणत. शीग म्हणजे म्हातारपणाचा मान, आणि मान कोणी मोजत नाही, म्हणून हिशेबात ती कधी धरली गेली नाही.

पणजोबांच्या काळी एका म्हाताऱ्यामागे सहा पहारेकरी होते. पुढे शेजारच्या राज्यांशी तह झाले, पहारे कमी झाले, माणसे लढाईत मरायची थांबली आणि म्हातारी होऊ लागली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण आता एका म्हाताऱ्यामागे दोनच पहारेकरी उरले. दोन पायल्या येत, दोन पायल्या जात, आणि हिशेब कसा जिथल्या तिथे दिसे.

एक दिवस बोधिसत्त्व शिडी लावून कोठारात उतरला. हिशेबाप्रमाणे छातीपर्यंत साळ हवी होती, ती गुडघ्यापर्यंत होती. शीग अशीच जात राहिली तर सातव्या वर्षी तळ दिसणार होता.

त्याने राजाला सांगितले. राजा वाईट नव्हता, पण सभेत पहिल्या ओळीत म्हातारेच बसत आणि जयजयकारही तेच सुरू करीत. सोमदंत नावाचा अमात्य म्हणाला, "सात वर्षांनी तुम्ही कुठे, आम्ही कुठे? उलट शीग वाढवा, महाराज. आजचे आशीर्वाद आज पदरात पाडून घ्या." राजाने विषय पुढच्या सभेवर ढकलला. दिवस मावळायच्या आत नगरभर झाले, की कोठारवाला म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास काढतो आहे.

बोधिसत्त्वाचा बाप उत्तिय हाही तटावरचा जुना पहारेकरी. त्याने त्या दिवशी मुलाबरोबर जेवायला बसायचे नाकारले.

"तीस वर्षं मी उन्हातान्हात तटावर उभा राहिलो," तो म्हणाला, "तेव्हा कुणी म्हणालं नाही, की उत्तिया, अर्धाच उभा राहा. आता फळी फिरवायला तुला बापच सापडला होय रे?"

बोधिसत्त्वाने वाद घातला नाही. बाप म्हणत होता त्यात खोटे काही नव्हते; वचन दिलेले होतेच. तो एवढेच म्हणाला, "बाबा, या पौर्णिमेला माप तुम्ही धरा. मी बाजूला उभा राहतो."

पौर्णिमेच्या सकाळी उत्तियाने माप हाती घेतले. बोधिसत्त्वाने कोठाराचे दार बंदच ठेवले आणि सांगितले, की आज जे येईल त्यातूनच वाटू. कमी पडले तर मग उघडू. पहारेकरी साळ ओतून गेले, अंगणात चटईवर रास झाली. मग म्हातारे रांगेत आले. उत्तिय सढळ हाताने शिगा चढवीत होता, म्हातारे त्याची थट्टा करीत होते, की मुलाचा राग मापावर काढू नको हो. आणि मध्येच रास संपली. मागे अजून चाळीस जण उभे होते. त्यांत बहुतेक विधवा, कारण त्या नेहमी मागेच उभ्या राहत.

तेवढ्यात सुलसा नावाची एक बाई, कडेवर तान्हे मूल घेऊन, पहाऱ्यावरच्या नवऱ्याची पायली घालायला उशिरा पोचली. तिने ती रिकाम्या चटईवर ओतली आणि विचारले, "आजोबा, आमच्या ह्यांची तीस वर्षं भरतील तेव्हा आत काय असेल?"

उत्तियाने मुलाकडे पाहिले. बोधिसत्त्वाला चार गोड शब्द सहज बोलता आले असते. त्याने दार उघडले आणि आत जे होते ते सगळ्यांना दाखवले.

"याच रीतीने गेलो तर काही नसेल," तो म्हणाला.

उत्तियाने ती गुडघाभर साळ पाहिली. मग त्याने शिगेसकट घेतलेली आपल्या वाट्याची साळ पोत्यातून परत चटईवर ओतली, माप भरले आणि स्वतःच्या हाताने त्यावर फळी फिरवली.

"म्हातारा मुलाचं पद वाचवतोय," मागून कोणी टोमणा मारला.

"पद गेलं चुलीत," उत्तिय म्हणाला. "पोरीनं विचारलं त्याचं उत्तर तू दे, मग मी शीग घेतो."

सगळ्यांनी काही फळी फिरवली नाही. काही जण शिव्या देत निघून गेले. पण पुढच्या सभेत निम्मे म्हातारे उत्तियाच्या बाजूने बोलले, तेव्हा राजाला धीर आला. ज्यांची मुले कमावती त्यांची शीग गेली. विधवांची आणि निराधारांची राहिली. पहारेकऱ्यांनी दोन वर्षे जास्त उभे राहायचे ठरले, आणि तोवरची तूट राजाने आपल्या शेतातून भरायची. सोमदंत म्हणाला, आपण आधीपासून हेच सांगत होतो. रागावलेल्यांना शांत करायला मात्र कोणाचा तरी बळी हवा होता. बोधिसत्त्वाला कोठारावरून काढले. तो तटाच्या दरवाजावर पहाऱ्याला लागला आणि इतरांसारखी आपली पायली घालू लागला.

सातवे वर्ष आले आणि गेले. कोठारात साळ होती, म्हणून त्या वर्षाची आठवण कोणालाच राहिली नाही.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जन्मांची जोड दाखवली. तेव्हाचा राजा तो आजचा शिष्य आनंद, सुलसा ती भिक्षुणी खेमा, उत्तिय तो शुद्धोदन, सोमदंत तो देवदत्त, आणि कोठाराचा अधिकारी मीच होतो. खरे ते वेळेवर सांगावे आणि त्यापायी जे सोसावे लागेल ते आपण सोसावे, ही सत्यपारमिता.