चांगुणेने दिलेला हात

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या गावाला जायचं तर होडीशिवाय वाट नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. खारशेत गावात चांगुणा नावाची बाई होती. ओहोटी लागली की ती कातळावर जायची आणि शिंपल्यातली कालवं फोडून आणायची. अंगाने किरकोळ, पण चौकस अशी की खेकडा तिरका का चालतो हे विचारायला ती होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या दारात जाऊन उभी राहायची.

एके सकाळी लाटेने एक पडाव, मालाची मोठी होडी, कातळावर आपटला. चांगुणेचा पाय मधे सापडला. गुडघ्याखाली त्याचा चुरा झाला, जखम चिघळली आणि हाडवैद्याने अखेर पाय कापला. माणसांनी तो उंडीच्या झाडाखाली पुरला.

जखम भरली. चांगुणा कुबडी घेऊन उभी राहिली. आणि मग तो पाय दुखायला लागला. राहिलेला नव्हे, गेलेला! बोटं कुणी पिळतंय असं वाटायचं. टाचेला खाज सुटायची आणि खाजवायला हात गेला की खाली नुसती जमीन.

भगत म्हणाला, "पाय वाकडा पुरलाय. सरळ करा." माणसांनी उंडीखाली खणलं, पाय सरळ ठेवला, वर कापूस पसरला. दुखणं हललं नाही. गाव कुजबुजू लागलं की हिला बाधा झाली आहे. चांगुणा कळ आली की ओठ चावायची, आणि कळ ओसरली की विचार करत बसायची. पाय तिकडे मातीत, दुखणं इकडे माझ्यापाशी. मग हे दुखणं राहतं तरी कुठे?

तिने वैद्याला विचारलं. वाटेवरच्या बैराग्याला विचारलं. कुणालाच सांगता येईना. एक दिवस होडीवाला म्हणाला, "पलीकडे काटवलीत धाकलू तेल्याचा उजवा हात घाण्यात गेला. दाराकडे पाठ करून बसतो. जेवण टाकलंय. फार दिवस काढेल असं वाटत नाही."

"मला ने," चांगुणा म्हणाली.

धाकलूची बायको आनसू ओसरीवर रडून थकली होती. चांगुणा आत गेली आणि धाकलूच्या पाठीशी बसली.

"मी समजूत घालायला नाही आले," ती म्हणाली. "एक विचारायचंय. गेलेला हात दुखतो का?"

धाकलूने मान वळवली. "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या पायाने."

तेव्हा त्याने तिच्या लुगड्याखालची रिकामी जागा पाहिली, आणि त्याला बोल फुटला. "मूठ आवळलीय गो. घाण्यात गेली तेव्हा आवळली, ती तशीच आहे. नखं तळव्यात रुतलीत. उघडायला जातो तर उघडायला हातच नाही."

दारातून आनसू म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? नाही तो हात दुखतोय म्हणून? वेडा म्हणाली असतीस."

आनसू येऊन त्याच्याजवळ बसली.

चांगुणेला एकदम काहीतरी सुचलं. ती धाकलूच्या उजव्या अंगाला सरकली, आनसूला त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकायला लावली, आणि घोंगडीखालून आपला हात असा बाहेर काढला की तो धाकलूचाच वाटावा. "हा तुझा हात. नीट बघ," ती म्हणाली. तिने मूठ घट्ट आवळली, नखं रुतेपर्यंत. मग एकेक बोट सावकाश सोडलं. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग पुढचं. धाकलू डोळे न मिटता बघत होता. शेवटी अंगठा सुटला, तळवा उताणा झाला, आणि धाकलू हुंदका देऊन म्हणाला, "उघडली."

त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला. मग आनसूने खोबरेल कोमट केलं. ती चांगुणेला चिकटून बसली, आपला पाय तिच्या तुटक्या पायाच्या जागी लांब केला आणि त्याची बोटं चोळू लागली. चांगुणेच्या गेलेल्या पायाला तेलाची ऊब लागली. परत जाताना ती कुबडी टेकत किनाऱ्यावरून गेली, आणि मागे ओल्या वाळूत दोन्ही पावलं उमटली होती, असं म्हणतात.

बातमी खाडीच्या दोन्ही काठांनी पसरली. कुणाचा हात लाकडाखाली गेलेला, कुणाचा पाय सापाच्या विषाने काढलेला, अशी माणसं खारशेतला येऊ लागली. चांगुणा आणि धाकलू त्यांच्याजवळ बसत. तिने बोटाने दाखवावं आणि दुखणं तिथून उठावं, असं म्हणतात.

पण एकाचं दुखणं उठलं नाही, हेही लोक सांगतात. तो इब्राहिम तांडेल. होडीच्या नांगराच्या दोरात अडकून त्याचा पाय गेला होता. चांगुणेने घोंगडी घातली, तेल चोळलं, धाकलूने आपला पाय पुढे केला. इब्राहिम म्हणाला, "नाही जात, चांगुणाबाय. उगाच कष्ट घेऊ नकोस."

"मग मी बसते," चांगुणा म्हणाली.

तो सारा पावसाळा ती त्याच्या पडवीत बसली. ती कालवं फोडायची, तो जाळी विणायचा. कळ आली की ती विचारायची, "आज कशी आहे? जळते की पिळते? बोटात आहे की घोट्यात?" आधी तो चिडायचा. मग सांगू लागला. आश्विनात आभाळ निवळलं तेव्हा तो म्हणाला, "दुखतं तेवढंच. पण तू विचारतेस म्हणून मी त्याच्याकडे निरखून बघतो. निरखून बघितलं की ते थोडं लहान दिसतं."

चांगुणा खूप हसली, आणि त्या दिवसापासून इब्राहिमची होडी दुखणाईतांना आणायला जाऊ लागली. वारा पडला असला तरी ती होडी कधी थांबली नाही, असं म्हणतात.

पुढे चांगुणा म्हातारी झाली आणि एका ओहोटीला कातळावरच गेली. भरती यायची वेळ झाली होती, पण माणसांनी तिला उचलून घरी आणेपर्यंत पाणी कातळाच्या कडेशी थबकून राहिलं, असं म्हणतात.

आता पूल झाला आहे. तरी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची माणसं त्या कातळावर जमतात. ज्यांचा हात वा पाय गेला आहे त्यांच्याशेजारी धडधाकट माणसं घोंगडी पांघरून बसतात आणि आपला हात, आपला पाय त्यांना देतात. तेल काटवलीच्या तेल्यांकडून येतं. ज्यांना उतार पडत नाही त्यांच्याजवळ कुणीतरी सूर्य बुडेपर्यंत बसून राहतं.

आणि वर्षभर आणखी एक रीत पाळतात. तालुक्याच्या इस्पितळात कुणाचा अवयव काढला असं कळलं की खारशेतहून एक माणूस एसटीने निघतो. तो स्वतः कुबडीवर असतो, किंवा त्याची एक बाही रिकामी असते. तो खाटेजवळ स्टूल ओढतो, नाव विचारतो, आणि सगळे नातेवाईक समजूत घालत असताना हळूच वाकून म्हणतो, "जे नाही ते दुखत असेल. लाजू नका, सांगा. मी ऐकायला आलोय."