अगस्तीखालची चांदणी

"बाबा, माझी कोणती चांदणी मोजायची राहिली?"

दिनकरशास्त्र्यांनी विचारलं तेव्हा लतीफबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून सुपातल्या डाळीतले खडे निवडत होते. नजर अधू, म्हणून बोटांनीच चाचपत. दिवस बुडून बराच वेळ झाला होता.

शास्त्री घाट उतरून तीन दिवस चालत आले होते. घाटावर चाळीस वर्षं त्यांचंच पंचांग चालायचं. त्यांच्या मुहूर्तावर शेकडो लग्नं लागली. पोटच्या मुलीचा मुहूर्त तर त्यांनी तीनदा तपासला होता.

अकरा महिन्यांत गोदू कुंकू पुसून माहेरी आली.

तेव्हापासून दीड वर्ष शास्त्री तेच गणित पुन्हा पुन्हा मांडत होते. चूक सापडत नव्हती. कुणीतरी म्हणालं, समुद्राकाठी एक फकीर आहे, त्याला विचारा. इतर वेळी ते हसले असते.

बाबांनी डाळीतला हात काढला.

"अगस्ती दिसतो?"

"दिसतो."

"त्याच्या खाली, पाण्याच्या जरा वर, एक बारीकशी चांदणी आहे. ती मोजलीत?"

शास्त्र्यांनी डोळे ताणले. डोळ्यांना पाणी आलं. खाली समुद्र काळवंडला होता आणि वर नुसतं धुरकट आभाळ.

"तिथे काही नाही."

"आहे."

"तुम्हाला दिसते?"

"मला कुठली... मोतीबिंदू आहे. चार वर्षं झाली."

शास्त्र्यांना राग यायला हवा होता. पण रागवायलाही अंगात बळ लागतं. ते ओट्यावर टेकले. पायांच्या पोटऱ्या ठणकत होत्या. एवढ्यासाठी का आपण घाट उतरलो, असं त्यांच्या मनात आलं.

"मला दिसते, आप्पा."

पायऱ्यांच्या वर, दर्ग्याच्या आवाराच्या दारात गोदू उभी होती. तीन दिवस ती बापाच्या मागून चालत आली होती, डोक्यावर पोथ्यांचं गाठोडं घेऊन. वाटेत दोघांत चार शब्दही झाले नव्हते. तिच्या तोंडाकडे बघायचं शास्त्र्यांनी कधीच सोडलं होतं, बघवत नसे.

"कुठे?"

तिने हात लांब केला. शास्त्र्यांनी तिच्या बोटामागून नजर नेली. बराच वेळ काही नाही... मग दिसली. मिठाच्या कणाएवढी. आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही.

दीड वर्षात पहिल्यांदा त्यांना श्वास पुरा घेता आला.

"हीच," ते म्हणाले. "हीच राहिली असणार. बाबा, हिचं फळ काय?"

"काही नाही."

"असं कसं? चांदणी आहे म्हणजे काहीतरी करतच असेल."

"ती काही करत नाही, शास्त्रीबुवा. असते."

शास्त्र्यांचे खांदे पुन्हा खाली आले. खाली लाटा खडकावर येत होत्या, जात होत्या.

"मग चूक कुणाची?" शास्त्र्यांचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "एवढं तरी सांगा. कुणाची?"

बाबांनी डाळीचं सूप बाजूला सारलं. ओट्यावरची धूळ हातानं पुसली, एका माणसापुरती.

"लेक दारात उभी आहे. बस म्हणालात का तिला?"