तारेवरच्या रबरी नळ्या

“नळ्या आज निघणार की नाही, गफूरभाई?”

सन १९८८, चैत्र शुद्ध षष्ठी. ऊन नुकतंच तापू लागलं होतं.

विचारणारे भिकोबा तांबट. त्यांनी घरावर माडी चढवली होती. गच्चीला खेटून विजेच्या तारा जात होत्या. गवंड्यांना धक्का बसू नये म्हणून गफूर उस्तादाने तारांवर रबरी नळ्या चढवल्या होत्या. आता काम संपलं होतं. नवमीला वास्तुशांत.

“निघतील. दिगंबर काढील.”

दिगंबर चमकला. दोन वर्षं उस्तादाने त्याला शिडीवर पाय ठेवू दिला नव्हता. आणि आज एकदम? म्हाताऱ्याच्या मनात आहे तरी काय?

“जपून रे बाबा,” भिकोबा हसले. “याचा आधीचा चेला, सोपान. खांबावर चढला, तो चौघांच्या खांद्यावरच गेला.”

“हयगय केली असेल,” दिगंबर म्हणाला. “मी सोपान नाही.”

उस्तादाने पक्कड उचलली. नाक्यावरच्या खांबाचे फ्यूज काढून आला.

“तार बंद आहे. चढ.”

“तपासली?”

“मी सांगतोय ना? चढ.”

दिगंबर चढला. चौथ्या पायरीवर थबकला. घरामागे काहीतरी धडधडत होतं.

“ते काय चाललंय, तात्या?” त्याने भिकोबांना विचारलं.

“फरशी घासतायत. तुम्ही वीज घालवलीत, मग मिस्त्रीने जनरेटर लावला.”

“कुठे जोडला?”

“घरातल्या बोर्डाला. आणखी कुठे?”

बोर्डातून उलटी वीज याच तारेत येत असेल तर? दिगंबरने खाली पाहिलं. उस्तादाने ऐकलं असणार. तरी चेहरा दगडासारखा.

“चढ,” उस्ताद म्हणाला.

दिगंबर उतरू लागला. तेव्हा त्याला कळलं, उस्तादाने मागून त्याचा पट्टा मुठीत आवळून धरला होता.

“वा रे चेला!” भिकोबा म्हणाले. “दोन वर्षं याचं मीठ खाल्लंस, आणि याच्याच शब्दावर भरवसा नाही?”

“नाही.”

त्याने लांब काठी उचलली. तिच्या टोकाच्या तांब्याच्या आकड्यापासून एक तार जमिनीत ठोकलेल्या सळईपर्यंत जात होती. नळी जिथे संपते, तिथे उघड्या तारेला त्याने आकडा लावला.

तड्!

निळी ठिणगी उडाली. मागचा जनरेटर आचका देऊन बंद पडला. भिकोबांचं हसू मावळलं.

“तुम्हाला ठाऊक होतं?” दिगंबरने विचारलं.

उस्तादाने मान डोलावली.

“तरी बंद आहे म्हणालात?”

“सोपानलाही म्हणालो होतो.”

“मग?”

“त्याने ऐकलं.”

दिगंबरने काठी खाली घेतली. उस्तादाने ती काढून घेतली, भिंतीला टेकवली. डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं.

“त्याच्या जिवाचं देणं होतं माझ्यावर. आज तू ऐकलं नाहीस. फिटलं.”